तुळस का वाळते?

कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘तुळस’ असे सांगितले, आणि आपण नीट ऐकले ना याची त्यांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. परंतु बंधुभगिनींनो, गेली तीस वर्षे माझे काम विडी कामगारांच्या आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांतून चालले आहे. त्या वस्त्यांत घर दहा बाय दहाचे असते, नळ सार्वजनिक असतो, अंगण तर नसतेच. पण दाराशी तुळस असते. कुठे सिमेंटचे वृंदावन, कुठे तेलाचा डबा, कुठे फुटक्या माठाचा बूड. आणि दर वर्षी उन्हाळा संपेपर्यंत यांतल्या कितीतरी तुळशी वाळून काटक्या झालेल्या मी पाहतो. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि बायाबापड्यांच्या ओट्यांवर झाले. त्या दोन्ही ठिकाणी तुळशीविषयी जे कळले, ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

तुळस वाळणे ही साधी गोष्ट राहत नाही, म्हणून हा विषय घेतला. गुलाब वाळला तर माणूस हळहळतो आणि दुसरा आणतो. तुळस वाळली तर घरात धास्ती शिरते. आता काहीतरी वाईट होणार, असे म्हातारी माणसे बोलून दाखवतात. आणि मग शोध सुरू होतो. तो कुंडीचा नव्हे, मातीचा नव्हे, घरातल्या सुनेचा. तिने विटाळात हात लावला असेल, सांजवेळी पान तोडले असेल, द्वादशीला तोडले असेल, अशी कलमे लावून आरोपपत्र तयार होते. एका यंत्रमाग कामगाराच्या घरी लागोपाठ तिसरे रोप वाळले, तेव्हा नव्या सुनेला माहेरी पाठवण्यापर्यंत बोलणी गेली होती. मी गेलो होतो भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर सही घ्यायला. ते वृंदावन आडवे करून पाहिले तर तळाला भोकच नाही. माती काळी आणि चिकट. मुळे तपकिरी, बोट लावताच त्यांची साल सुटून हातात येत होती, आणि वास सांडपाण्याचा. चौकशी केली तेव्हा कळले, घरातली चार माणसे रोज सकाळी एकेक तांब्या पाणी घालीत होती. आजीबाई वेगळ्या, सासूबाई वेगळ्या, सून वेगळी, आणि कामावर जाताना मुलगा वेगळा. चौघांच्या वाट्याचे पुण्य पडले, आणि रोप बुडून मेले.

विडी धंद्यात ‘छाट’ म्हणून एक प्रकार असतो. हजार विड्या वळून बाई कारखान्यात नेते. तिथे काही विड्या वाईट ठरवून बाजूला काढतात आणि तेवढी मजुरी बुडते. आता तेंदूचे पानच कीड लागलेले, भोके पडलेले दिले असेल, तर विडी चांगली कुठून व्हावी? परंतु छाट पडते ती वळणाऱ्या बाईच्या माथी, पान देणाऱ्याच्या नव्हे. या गोष्टीवर आयुष्यभर भांडलेल्या माणसाला तुळशीचा दोष सुनेच्या माथी मारलेला पाहवत नाही. आधी पान तपासा, असे आम्ही मालकाला सांगतो. आधी कुंडी तपासा, एवढेच मी घराला सांगतो.

झाड ओळखण्यापासून आरंभ करू. तुळशीची कोवळी काडी दोन बोटांत धरून फिरवून पाहा. ती गोल लागणार नाही, चौकोनी लागेल. चारही कडा बोटांना कळतील. पाने समोरासमोर जोडीने येतात, आणि खालची जोडी पूर्वपश्चिम असेल तर वरची दक्षिणोत्तर असते, म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडत नाही. पुदिना, सब्जा, मरवा, पानओवा ही सगळी याच कुळातली भावंडे. चौकोनी काडी आणि वासाचे पान ही या घराण्याची खूण आहे. शास्त्रीय नावाची गोष्ट मोठी गमतीची आहे. स्वीडनच्या लिनिअस या पंडिताने या झाडाला १७५३ साली ऑसिमम टेन्युइफ्लोरम, म्हणजे बारीक फुलांची, असे नाव दिले. आणि पुढे १७६७ साली त्याच झाडाला ऑसिमम सँक्टम, म्हणजे पवित्र, असे दुसरे नाव दिले. ही दोन नावे एकाच झाडाची आहेत असे ठरले, तेव्हा आधीचे नाव खरे या नियमाने ‘बारीक फुलांची’ हे नाव कायम झाले. जुन्या पुस्तकांत सँक्टम आढळते म्हणून गोंधळून जाऊ नये.

आपल्याकडे हिरव्या पानांची ती राम किंवा श्वेत तुळस आणि जांभळट ती कृष्ण तुळस. झाड एकच, रंग निराळा. कृष्ण तुळशीचा जांभळा रंग उन्हात गडद होतो आणि सावलीत फिकटतो. रोपवाटिकेतून काळीभोर आणलेली तुळस महिन्याभरात हिरवी पडली तर रोपवाल्याने फसवले असे म्हणण्यापूर्वी ती आपण कुठे ठेवली आहे ते पाहावे. बहुधा ती जिन्याखाली असते.

आता पाण्याविषयी, कारण बहुतेक तुळशी पाण्यानेच जातात. मुळांना पाणी लागते तसा वाराही लागतो. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात; त्यांतली हवा मूळ घेत असते. तळाला भोक नसलेल्या भांड्यात त्या पोकळ्या पाण्याने भरून राहतात, मूळ गुदमरते, आणि गुदमरलेल्या मुळावर बुरशी चढते. मूळ कुजले की ते पाणी वर पाठवू शकत नाही; मग पाने मान टाकतात. इथेच माणूस फसतो. तहानेने मान टाकलेली तुळस आणि बुडून मान टाकलेली तुळस वरून अगदी सारखी दिसते. घरची बाई बिचारी ‘सुकली गं बाई’ म्हणून आणखी एक तांब्या ओतते. तेव्हा पाणी घालण्यापूर्वी बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे. माती ओली लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडी लागली तर भोकातून पाणी झिरपेपर्यंत पोटभर घालावे, आणि खालच्या ताटलीत साचलेले फेकून द्यावे.

रोजचे पाणी घालणे हा धर्माचा भाग आहे, ते कसे सोडावे, असा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारतात. सोडू नये. पळीभर घालावे. तांब्या भरून नेलाच असेल तर पळीभर तुळशीला आणि उरलेले शेजारच्या जास्वंदीला. पावसाळ्यात उघड्यावरच्या तुळशीला आषाढश्रावणात कित्येक दिवस पाण्याची गरजच नसते. तेव्हाही पळीने पूजा होते आणि मूळही जगते. हा तोडगा मी काही आजीबाईंपुढे ठेवला तेव्हा त्यांनी तो मान्य केला. ज्यांनी आयुष्यभर देव आणि संसार दोन्ही चालवले, त्यांना तडजोड समजते.

बाजारात मिळणारी सिमेंटची आणि संगमरवरी चुऱ्याची वृंदावने दिसायला सुबक असतात. पण त्यांतल्या बहुतेकांत माती राहण्याची जागा ओंजळभर, आणि भोक एक तर नसते किंवा रंगाने बुजलेले असते. करंगळी जाईल एवढी तीनचार भोके मिस्त्रीकडून पाडून घ्यावीत. नवे सिमेंट असेल तर चार दिवस पाणी भरून ठेवून, रोज बदलून, त्यातला चुना उतरू द्यावा. याहून सोपा मार्ग म्हणजे तुळस दहाबारा इंच तोंडाच्या मातीच्या कुंडीत वाढवावी आणि सणापुरती कुंडी वृंदावनात बसवावी. तेलाचा डबा चालतो, भोके पाडलेली मोडकी बादली चालते. रंगाची किंवा रसायनाची बादली मात्र चालत नाही, कारण या झाडाची पाने आपण खातो. त्याच कारणाने कारखान्याच्या नाल्याकाठची माती आणू नये. झाड बिचारे जे मिळेल ते उचलते. माणसाने आपण काय देतो ते पाहावे.

माती भुसभुशीत हवी. सोलापूर-मराठवाड्याकडची काळी माती शेतात सोन्यासारखी. कुंडीत मात्र ती ओली असता चिखल होते आणि वाळली की भेगाळून मुळे तोडते. दोन भाग साधी पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाडी वाळू असे मिश्रण करावे. भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवला की माती वाहून जात नाही. पुढे महिन्याला मूठभर खत पुरे. खताचा मारा केला तर पाने मोठी आणि मऊ होतात, पण वासाला कमी पडतात.

दूध, हळद, कुंकू, तेल यांविषयी बोलताना मी जपून बोलतो. परंतु दूध मातीत आंबते आणि मुंग्या व बुरशी आणते. आजचे बाजारी कुंकू बहुधा कृत्रिम रंगाचे असते. आणि पणतीची ज्योत फांदीच्या खाली आली की पाने करपतात. कुंकू वृंदावनाला लावावे, खोडाला नव्हे. पणती हातभर अंतरावर ठेवावी. कोनाड्यात ठेवल्यास वाऱ्याने विझतही नाही.

उन्हाची गोष्ट थोडक्यात सांगतो. तुळशीला रोज पाचसहा तास ऊन हवे. चाळीच्या गॅलरीत किंवा फ्लॅटच्या खिडकीत पूर्वेची वा दक्षिणेची बाजू धरावी, आणि आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवावी, नाही तर रोप उजेडाकडे वाकून कुबडे होते. सध्या वैशाख चालू आहे. गच्चीवरच्या कुंडीला दुपारी बारा ते चार जुन्या धोतराची सावली करावी आणि कुंडी तापलेल्या फरशीवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी. या दिवसांत माती भरभर सुकते, म्हणून बोटाची परीक्षा सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा घ्यावी. उलट थंडीत, जिथे पारा दहा अंशांखाली उतरतो तिथे, पाने काळवंडून गळतात. निफाडकडच्या माणसांना हे सांगावे लागत नाही. रात्री पोते किंवा जुने लुगडे पांघरून सकाळी काढावे.

येथवर जे सांगितले ते झाड जगवण्यापुरते झाले. आता खरा मुद्दा. भोक आहे, ऊन आहे, माती चांगली आहे, तरीही पुष्कळ घरांतली तुळस दीड वर्षात खालून उघडी पडते. वर चार पाने, तळाला काळी काटकी, आणि प्रत्येक शेंड्यावर मंजिऱ्यांचा झुपका. लोक मंजिऱ्या पाहून खूष होतात. तुळस बहरली असे म्हणतात. ते म्हणणे खरे आहे, पण बहरल्यानंतर काय होते तेही पाहिले पाहिजे. झाडाचा जीव बीज मागे ठेवण्यात असतो. मंजिरीत बी भरू लागले की सगळे अन्न तिकडे जाते. नवी पाने बारीक येतात, जुनी पिवळी पडून गळतात, कोवळी काडी लाकूड होते. वंश मागे राहिला, आता जगण्याचे काम संपले, असा त्याचा हिशेब. तेव्हा तुळस टिकवायची असेल तर तिला बी धरू देऊ नये. आणि त्यासाठी तिला नित्य खुडावे लागते. आमच्या भाषेत कपात म्हणजे चार घरांच्या चुली विझणे, म्हणून हा शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाही. पण झाडाच्या बाबतीत कपातीने हात वाढतात.

ते कसे, हे समजण्यासारखे आहे. पानांच्या प्रत्येक जोडीच्या बगलेत एकेक डोळा झोपलेला असतो. शेंडा जोवर शाबूत आहे तोवर तो वरून एक रस खाली पाठवतो आणि त्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा खुडला की हा दाब जातो आणि लगतचे दोन्ही डोळे फुटतात. एका फांदीच्या दोन झाल्या. त्या दोघींचे शेंडे तीनचार आठवड्यांनी खुडले की चार, पुढे आठ, पुढे सोळा. वीतभर रोपाचा पहिला शेंडा आपण खुडला आणि क्रम चालू ठेवला, तर चार महिन्यांत सोळा शेंड्यांचे गोलसर झुडूप होते. ज्याने पान तोडवत नाही म्हणून हात आखडला, त्याच्या दारात त्याच वयाची एकच उंच काडी उभी असते. प्रत्यक्षात सगळेच डोळे फुटत नाहीत, एखादी फांदी मागे राहते. तरी सोळाच्या जागी दहा आल्या तरी काय वाईट?

ही विद्या मी विडी वळणाऱ्या बायांकडून शिकलो. तेंदूचे पान भिजवून, ओल्या फडक्यात ठेवून, पत्र्याचा साचा लावून कात्रीने कापणाऱ्या हाताला पानाची जात कळते. पानांच्या जोडीच्या नेमके वर, गव्हाच्या दाण्याएवढे अंतर ठेवून कात्री लावायची, हे त्यांनी मला दाखवले. जोडीपासून फार वर कापले तर मधला तुकडा वाळून काळा पडतो. जोडीच्या खाली, उघड्या लाकडावर कापले तर फूट उशिरा येते किंवा येतच नाही. एकेक पान ओढून तोडणे हा सगळ्यांत वाईट प्रकार. त्याबरोबर काडीची साल सोलून निघते. दोन जोड्यांसह शेंडाच घ्यावा. पूजेला शेंड्यासकट तुळशीदल घेण्याची रीत अनेक घरांत आहे. ती झाडालाही मानवणारी आहे. आणि एका वेळी झाडाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घेऊ नये. २०२० साली करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्यात तुळस होती, आणि आमच्या वस्तीतल्या तुळशी महिन्याभरात नागड्या झाल्या. ज्यांनी तिसरा हिस्सा घेऊन हात थांबवला त्यांच्या तुळशी पंधरा दिवसांत फुटल्या. ज्यांनी ओरबाडल्या त्यांच्या पुष्कळशा गेल्या. पानांतच झाडाचे स्वयंपाकघर असते. ते सगळे उचलून नेले तर पुढचा घास कोण शिजवणार?

द्वादशीला तोडू नये, रविवारी तोडू नये, सूर्यास्तानंतर तोडू नये, असे नियम घरोघरी निरनिराळे आहेत. ते पाळावेत असा माझा आग्रह नाही, मोडावेत असाही नाही. आठवड्यातून एकदोन दिवस झाडाला सुट्टी मिळते, यात मला तर साप्ताहिक रजेचे तत्त्वच दिसते.

तोडणीची वेळ सकाळची. दंव उडून गेले आहे आणि ऊन चढलेले नाही, असा तासदोन तासांचा काळ उत्तम. तुळशीचा वास पानावरच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत साठलेल्या तेलाचा असतो. भिंगातून पाहिले तर या पिशव्या चकाकत्या ठिपक्यांसारख्या दिसतात. पान चुरगळले की त्या फुटतात, म्हणून हाताला वास लागतो. त्या तेलात युजेनॉल नावाचे द्रव्य असते. लवंगेचा वासही मुख्यतः त्याचाच. म्हणून कृष्ण तुळशीचे पान चावले की जिभेला लवंगेसारखी चुणचुण लागते. दुपारच्या उन्हात हे तेल उडत राहते, आणि ओले पान तोडले तर ते काळे पडते. तेलासाठी तुळशीची शेती करणारे लोक मात्र झाड भर फुलोऱ्यात येऊ देतात, जमिनीपासून वीतभर ठेवून कापतात. पहिली कापणी लावणीपासून सुमारे तीन महिन्यांनी आणि पुढच्या दोनअडीच महिन्यांच्या अंतराने. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर ते कापणी पुढे ढकलतात. आपल्याला पाने हवी आहेत, म्हणून आपण फुलोऱ्याआधी घ्यावीत. मंजिरी दोन बोटे लांब झाली की खुडावी; ती चहात, काढ्यात पानासारखीच चालते.

साठवायची असेल तर तुळस सावलीत वाळवावी. उन्हात वाळवली की हिरवा रंग आणि वास दोन्ही जातात आणि हाती पालापाचोळा उरतो. आदल्या दिवशी झाडावरच पाने धुऊन घ्यावीत, दुसऱ्या दिवशी शेंडे कापून सैल जुड्या बांधाव्यात आणि वाऱ्याच्या जागी उलट्या टांगाव्यात, किंवा सुपात पातळ पसरून रोज एकदा खालीवर कराव्यात. आठवड्याभरात पान बोटांत कुरकुरीत मोडू लागते. तेव्हा ते काडीवरून उतरवून कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली, उजेडापासून दूर ठेवावे. पाच किलो ओल्या पानांची वाळून जेमतेम एक किलो होतात, तेव्हा बरणी लहान वाटली तरी निराश होऊ नये. पावसाळ्यात वाळवण्याच्या भरीस पडू नये, बुरशी धरते.

कीड लागते ती बहुतेक सावलीत आणि दाटीत. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसून काढावा. पानांच्या पाठीला बारीक ढेकूण बसून पाने पांढुरकी, ठिपकेदार होत असतील तर ते शेंडे कापून दूर टाकावेत. याने भागले नाही तर पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारावी आणि आठवडाभर पाने खाऊ नयेत. बाजारातले विषारी औषध या झाडावर कधीही नको.

तुळशीविषयी पुष्कळ गोष्टी विज्ञानाचे नाव घेऊन पसरवल्या जातात. तुळस चोवीस तास प्राणवायू सोडते, असे छापील तक्त्यांवरही वाचायला मिळते. कोणतेही हिरवे पान उजेडातच प्राणवायू करते; अंधारात तुळसही आपल्यासारखाच प्राणवायू घेते. पानात पारा असतो म्हणून ते चावू नये, यालाही आधार नाही. पानांवर प्रयोगशाळांतून काम चालू आहे आणि त्यातले काही आशादायक आहे. परंतु बाटलीतले थेंब विकणारा जेव्हा मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळ्यांवर एकच उपाय सांगतो, तेव्हा तो तुळशीचा महिमा सांगत नसून आपल्या दुकानाचा सांगत असतो. घशाला आराम म्हणून चार पाने चहात घालावीत, त्यात काही वावगे नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी ती औषध म्हणून रोज घेण्यापूर्वी डॉक्टरला विचारावे. आणि डॉक्टरकडे जाण्याऐवजी काढा, असा व्यवहार कोणीच करू नये. दवाखान्याचा खर्च टाळण्यासाठी महिनोन् महिने काढ्यावर खोकला काढणाऱ्या विडी कामगार बाया मी पाहिल्या आहेत. तंबाखूच्या धुळीचा खोकला तो. त्याला छातीची तपासणी लागते.

शेवटी बियांविषयी, कारण त्यांचा मोसम तोंडावर आला आहे. सगळ्या मंजिऱ्या खुडाव्या असे म्हटले, तरी दोनतीन राखाव्यात. मधमाश्यांना त्या हव्या असतात आणि आपल्याला बी. मंजिरीवरचा प्रत्येक कोश तपकिरी झाला की त्यात चार बिया भरतात, खसखशीसारख्या बारीक. मंजिरी कापून कागदावर वाळवावी, तळहातावर चोळून हलकेच फुंकावी, आणि बी कागदाच्या पुडीत वर्ष घालून ठेवावे. राम आणि कृष्ण शेजारी असतील तर रोपे मिश्र निघतील, हे ध्यानात असू द्यावे. वळवाचे दोनतीन पाऊस झाले की उथळ परडीत किंवा फुटक्या ताटलीत गाळलेली माती घेऊन, बी चिमूटभर राखेत मिसळून पेरावे. वर माती नावालाच भुरभुरावी; खोल गेलेले बी वर येत नाही. पाणी हाताने शिंपडावे, ओतू नये. मुंग्या बी पळवतात, म्हणून परडी पाण्याच्या ताटात उंचवट्यावर ठेवावी. आठदहा दिवसांत अंकुर दिसतात, आणि सुमारे सहा आठवड्यांनी पानांच्या दोनतीन जोड्या आल्या की रोप कुंडीत हलवावे. ज्यांना घाई आहे त्यांनी मंजिरी नसलेली बोटभर लांब फांदी कापून, खालची पाने काढून, ओल्या वाळूत किंवा पाण्याच्या पेल्यात सावलीत ठेवावी. दोन आठवड्यांच्या आत मुळे दिसतात, आणि हे रोप हुबेहूब आईसारखे निघते.

नीट खुडलेली तुळस दोनतीन वर्षे चांगली पाने देते. पुढे ती खोडाने लाकूड होते आणि पानांनी थकते. तिचे पुढचे रोप तयार करून ठेवावे, म्हणजे जुने गेले तरी दार रिकामे राहत नाही आणि कोणाकडे बोट दाखवण्याचा प्रसंगही येत नाही. जुने खोड उपटताना मूळ अवश्य पाहावे. पांढरे आणि चिवट असेल तर झाड म्हातारपणाने गेले. तपकिरी आणि दुर्गंधी असेल तर पाण्याने. पंढरपुरात काशीकापडी समाजातली माणसे तुळशीच्या वाळलेल्या लाकडाचे मणी कातून वारकऱ्यांसाठी माळा करतात. आपल्या कुंडीतले खोड बहुधा तेवढे जाड नसते. त्याचे बारीक तुकडे करून खतात टाकावेत, आणि कुंडीतली माती आठवडाभर उन्हात वाळवून, नवे खत मिसळून पुन्हा भरावी.